ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा होतो का हो?

मागच्या अंकात गिरगावातल्या जुन्या थिएटरांबद्दल सहज जाता जाता दोन ओळी लिहिल्या, आणि त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप जे सुरू झालंय ते अजून थांबेना. त्यातले निम्मे प्रश्न एकाच बिल्डिंगबद्दल, चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाऊसबद्दल. म्हणून म्हटलं यावेळचं सदर तिलाच देऊन टाकू. गुडघेदुखी आणि एफडीच्या व्याजाचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी रागवू नका, पुढच्या अंकात पहिला नंबर तुमचाच.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं चर्नी रोडला नोकरी केली. कंडक्टर "ऑपेरा हाऊस, ऑपेरा हाऊस" ओरडायचा आणि मी उतरायचो. पण तिथे ऑपेरा बघून आलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मग हे नाव आलं कुठून? (एक निवृत्त वाचक, डोंबिवली)

मलाही भेटला नव्हता, तुम्ही एकटे नाही.

गोष्ट अशी आहे की १९०८ च्या सुमारास मॉरिस बँडमन नावाच्या माणसाच्या डोक्यात हे थिएटर आलं. बँडमन कलकत्त्यात बस्तान बसवलेला, नाटक कंपन्या फिरवण्याचा धंदा करणारा, आजच्या भाषेत इव्हेंटवाला म्हणा ना. त्याला पैसेवाला पार्टनर मिळाला जहांगीर फ्रामजी कराका, मुंबईचा पारशी, कोळशाचा मोठा व्यापारी. म्हणजे आत गेल्यावर तो जो सगळा सोनेरी नक्षीचा आणि संगमरवराचा थाट दिसतो ना, त्याच्या पायात कोळशाचा पैसा आहे, हे मला दरवेळी आठवतं आणि गंमत वाटते.

बँडमनचा धंदा कसा चालायचा तर इंग्लंडातून नट-नट्या गोळा करायच्या, बोटीत बसवायच्या आणि बंदरा-बंदराने खेळ लावत जिब्राल्टरपासून पार जपानपर्यंत फिरवायच्या. मुंबई हे त्यातलं एक मोठं ठाणं. आता बोटीने फिरणारी कंपनी काय काय उचलून आणणार? अस्सल ऑपेरा म्हणजे मोठा वाद्यवृंद, कोरस, घसे तयार केलेले गायक, तो खर्चच वेगळा. त्यामुळे या मंडळींचा मुख्य माल म्हणजे म्युझिकल कॉमेडी, थोडी गाणी, थोडा नाच, विनोद, शेवटी लग्न. साहेब लोक दिवसभर ऑफिसात घामाघूम होऊन यायचे, त्यांनाही तेच हवं असणार. पण बोर्डावर 'ऑपेरा हाऊस' लिहिलं की रुबाब येतो. आपल्याकडे नाही का, दोन खोल्यांच्या बिल्डिंगला पॅलेस म्हणतात, तसंच.

आणि गंमत ऐका, या ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर सगळ्यात आधी कोण उभं राहिलं, तर रेमंड नावाचा अमेरिकन जादूगार! टोपीतून ससा काढणारे लोक. तेव्हा सुरुवातच अशी झाली म्हटल्यावर पुढचं तुम्ही समजून घ्या.

'रॉयल' मात्र खरं. पंचम जॉर्ज १९११ साली दिल्ली दरबारासाठी आले, ज्यांच्या येण्याची आठवण म्हणून गेटवे बांधला तेच, त्यांच्या हस्ते हे थिएटर सुरू झालं आणि ते अक्षर पुढे लागलं. राजा गेला, राज्य गेलं, बोर्ड राहिला.

प्रश्न : एका ठिकाणी १९११ लिहिलेलं असतं, दुसरीकडे १९१२ आणि तिसरीकडे १९१५. यातलं खरं कुठलं? मुलाच्या प्रोजेक्टला पाहिजे. (बदलापूर)

तिन्ही. १९११ ला उद्घाटन झालं तेव्हा काम चालूच होतं, १९१२ ला बिल्डिंग पुरी झाली आणि १९१५ पर्यंत काही ना काही भर पडतच होती. अर्धवट कामाचं उद्घाटन ही पद्धत आपण स्वातंत्र्यानंतर शोधून काढली असा जो एक समज आहे तो काढून टाका. प्रोजेक्टमध्ये १९११ लिहा आणि कंसात बाकीची दोन, बाई खूश होतील.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की त्यांनी ऑपेरा हाऊसला बालगंधर्व ऐकले, तेही सगळ्यात वरच्या गॅलरीतून, आणि शब्द न् शब्द ऐकू यायचा. माइक नसताना हे कसं शक्य आहे? की आजोबा थोडं वाढवून सांगायचे? (नाशिक)

आजोबा लोक वाढवून सांगतातच, पण या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवा.

बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, मास्टर दीनानाथ ही सगळी नावं या रंगमंचाशी जोडलेली आहेत. आणि हे होणारच होतं, कारण थिएटर बांधलं साहेबाने पण बांधलं गिरगावच्या दारात! मागे चाळी, पुढे वाड्या, सगळा मराठी नाटकवेडा माणूस चालत पाच-दहा मिनिटांवर. साहेब किती असणार, आणि ते रोज रोज थोडेच थिएटरला येणार. खुर्च्या भरायच्या तर गिरगावकर पाहिजेत आणि गिरगावकर पाहिजेत तर संगीत नाटक पाहिजे. हिशोब सरळ होता.

आता आवाजाचं. दोन गोष्टी आहेत, एक गळ्याची आणि एक भिंतीची. गळ्याची म्हणजे त्या काळचा नट आवाज 'फेकायला' शिकलेला असायचा, पिटातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नाही तर तो तिथूनच ओरडायचा, त्यामुळे तालीमच तशी असायची. साथीलाही ऑर्गन आणि तबला, आजच्यासारखा दहा स्पीकरचा गोंगाट नाही की ज्याच्यावर गायकाला चढावं लागेल.

भिंतीची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. हे थिएटर मुळातच असं बांधलंय की गॅलरीतल्या स्वस्त तिकिटवाल्यालाही ऐकू जावं. प्रेक्षागृह फार लांबट नाही, मजले एकावर एक चढवलेत, त्यामुळे वर बसलात तरी रंगमंचापासून तुम्ही वाटतं तेवढे लांब नसता. छत आवाज अडवून खाली परत पाठवतं आणि ती जी प्लास्टरची फुलं-पानं, वेलबुट्ट्या, कंगोरे सगळीकडे दिसतात ना, ती आवाज फोडून चारी दिशांना पसरवतात. गुळगुळीत भिंत असती तर घुमला असता. आणि खाली मखमली खुर्च्या आणि माणसं, ती जास्तीचा आवाज पिऊन टाकतात. आजचे साउंडवाले हेच काम फोमचे पॅनल लावून करतात, फक्त दिसायला ते भिकार दिसतं.

मी स्वतः थिएटर परत सुरू झाल्यानंतर एकदा मुद्दाम वरचं तिकीट काढून गेलो होतो. कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं होती, खाली तबलजी एकटाच बसून तबला लावत होता, हातोडीने गठ्ठ्यावर टक्, मग बोटाने चाटेवर एक टोला, कान जवळ नेऊन ऐकायचं, परत टक्. माइक अजून चालू केलेले नव्हते. ती टक् मला वरती इतकी स्वच्छ ऐकू येत होती की तबला चढाच राहिलाय हे मलाही कळलं आणि मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. शेजारी एक आजी चकलीचं पाकीट फोडत होत्या, त्यांच्याकडे खालच्या दोन रांगांनी मान वळवून पाहिलं. म्हणजे हे दोन्हीकडून चालतं.

जाता जाता एक, ऑपेरा आणि आपलं संगीत नाटक यात फरक काय असंही तुम्ही विचारलंय. ऑपेऱ्यात भांडणसुद्धा गाऊन करतात, निरोपसुद्धा गाऊन देतात. आपल्याकडे गद्य चालू असतं, मग पात्राला काहीतरी वाटतं आणि पद येतं, आणि पद चांगलं झालं की वन्स मोअर, आणि पुन्हा वन्स मोअर, आणि कथानक बिचारं विंगेत उभं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' केलं तेव्हापासूनची ही रीत. त्यामुळे माझं आपलं मत असं की या बिल्डिंगला ऑपेरा हाऊस हे नाव कोणी शोभवलं असेल तर ते आपल्या लोकांनी.

प्रश्न : माझे काका म्हणतात की ते पृथ्वीराज कपूरचं नाटक ऑपेरा हाऊसला सकाळी बघायला जायचे. सकाळी नाटक? (नागपूर)

हो, सकाळी. कारण संध्याकाळी तिथे सिनेमा असायचा!

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सिनेमा जन्माला आला तोच मुळी या गल्ल्यांमध्ये. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला तो गिरगावातल्या कॉरोनेशनला, पहिला बोलपट 'आलमआरा' १९३१ ला लागला तो मॅजेस्टिकला, तेही गिरगावातच. तेव्हा ऑपेरा हाऊसच्या नाकासमोर सगळा खेळ बदलत होता. मूकपटांच्या काळात अधूनमधून पडदा लागायचाच, पण बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांची जी वाताहत झाली, ज्या कंपन्यांचे स्वतःचे आचारी, स्वतःचे कपडेपट असे शे-दीडशे माणसांचे संसार होते त्या चार-पाच वर्षांत बसल्या, त्यानंतर थिएटरला दुसरा इलाजच नव्हता. १९३५ ला आयडियल पिक्चर्सने ते घेतलं आणि ऑपेरा हाऊस रीतसर सिनेमा थिएटर झालं. सिनेमाच्या सोयीसाठी आतली तोडफोडही झाली, रंगमंचाच्या बाजूचे शाही बॉक्स गेले.

मग १९४४ ला पृथ्वीराज कपूरांनी पृथ्वी थिएटर्स काढलं. आज जुहूला जे आहे ते नव्हे, ते पुढे शशी आणि जेनिफर कपूरनी १९७८ ला बांधलं, ही फिरती कंपनी होती, स्वतःची जागाच नव्हती. मुंबईतला त्यांचा मुक्काम म्हणजे ऑपेरा हाऊस. पहिलं नाटक 'शकुंतला', १९४५ ला. मग 'दीवार', 'पठाण'. सिनेमाचे शो सुरू व्हायच्या आधी जी वेळ रिकामी मिळायची ती सकाळची, म्हणून नाटक सकाळी. विचार करा, रविवारी चहा-पोहे करून लोक फाळणीवरचं नाटक बघायला बसायचे.

आणि काकांना एक विचारा, नाटक संपल्यावर पृथ्वीराज दारात झोळी पसरून उभे असायचे ते त्यांना आठवतं का. एवढा मोठा सिनेमाचा नट, मेकअप अजून उतरवलेला नाही, मान खाली घालून झोळी धरून उभा, कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणजे कोणी काय टाकलं ते कळू नये. ते पैसे गरजूंच्या मदतीला जायचे. १९६० च्या सुमाराला त्यांचा आवाज आणि तब्येत दोन्ही साथ देईनात आणि कंपनी थांबली.

प्रश्न : १९९३ ला बंद पडलं, मग इतकी वर्षं त्या जागेवर टॉवर कसा नाही उभा राहिला? मुंबईत हे पटत नाही. (पुणे)

पुणेकरांनी मुंबईबद्दल अशी शंका काढणं स्वाभाविक आहे, पण प्रश्न रास्त आहे. मॅजेस्टिकचं काय झालं बघा, 'आलमआरा' लागलेलं ते थिएटर, त्या जागी आज शॉपिंग सेंटर आहे.

मालक बघितल्याशिवाय उत्तर कळणार नाही. १९५२ साली हे थिएटर गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी घेतलं. गोंडल म्हणजे सौराष्ट्रातलं एक संस्थान, तिथल्या आधीच्या एका महाराजांनी, भगवतसिंहजींनी, 'भगवद्गोमंडल' नावाचा गुजराती शब्दकोश नऊ खंडांत काढला होता. सांगायचं कारण एवढंच की ज्या घरात नऊ खंडांचा शब्दकोश निघतो त्या घराला न परवडणाऱ्या गोष्टी सांभाळायची सवय असावी.

सत्तरच्या दशकापर्यंत ठीक चाललं. नंतर टीव्ही आला, मग गल्लोगल्ली व्हिडीओ कॅसेटवाले आले, दहा रुपयांत घरी सिनेमा. वर करमणूक कर. त्यात या थिएटरचा मेंटेनन्स म्हणजे हत्ती पोसणं, समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा, पावसाळा, प्लास्टरची एक वेल पडली तर ती बनवणारा कारागीर कुठे मिळणार. शेवटी १९९३ ला दार बंद झालं. बंद थिएटर बघवत नाही हो. मी त्या काळात रोज त्याच्यावरून जायचो, दारापुढच्या पायरीवर कोणीतरी छत्री दुरुस्तीवाला नाहीतर पेपरवाला बसलेला असायचा, आणि समोर हिऱ्यांच्या दलालांची ही गर्दी, रस्त्यात उभ्या उभ्या कागदाच्या पुड्या उघडून लाखांचे व्यवहार, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर हे एवढं काळं पडलेलं धूड. कोणी वर मान करून बघायचं नाही, आणि पत्ता सांगताना मात्र सगळे "ऑपेरा हाऊसला ये" असंच म्हणायचे!

१९९५ ला मुंबईत हेरिटेजचे नियम आले आणि यादीत नाव असल्यावर पाडायचा विषय संपला. पण नियमाने पाडणं थांबतं, पडणं थांबत नाही. मुंबईत यादीतल्या कितीतरी इमारती आपापल्या वेगाने पडतायत. इथे फरक मालकांनी केला, गोंडलचे ज्योतेंद्रसिंहजी आणि कुमुदकुमारी यांनी विकून मोकळं होण्याऐवजी दुरुस्ती काढली. २०१२ ला जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव गेलं, त्याने लोकांचं लक्ष आणखी वेधलं.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतलं सगळं बदललेलं होतं तर जुनं कसं होतं ते कळलं कसं? आणि या स्टाईलला नक्की म्हणायचं काय? (सांगली)

स्टाईलला बरोक म्हणतात, पण मुंबईचा बरोक. युरोपातल्या ऑपेरा थिएटरांचा थाट घ्यायचा, त्यात इथली थोडी नक्षी मिसळायची आणि वर सोनेरी रंग द्यायला हात आखडायचा नाही. फॉयरमध्ये, म्हणजे आत शिरल्यावरच्या दालनात, मान वर करून बघ, घुमट आठ भागांत वाटलेला आहे आणि कवी, नाटककार, लेखकांना मान दिलाय. तिथली झुंबरं ससून कुटुंबाकडून आलेली आहेत, त्यांच्या भायखळ्याच्या सां सूसी बंगल्यातली. तो बंगला म्हणजे आजचं मसीना हॉस्पिटल, म्हणजे बंगल्यात पेशंट आणि झुंबरं नाटकात.

काम केलं आर्किटेक्ट आभा नारायण लांबा आणि त्यांच्या टीमने, आणि कळलं कसं तर बरंचसं जुन्या फोटोंवरून आणि बाकीचं खरवडून. सिनेमाच्या काळात रंगावर रंग चढलेले होते, ते एकेक थर काढत गेलं की खाली मूळ रंग सापडतो, कांदा सोलल्यासारखं. जे शाही बॉक्स काढून टाकले होते ते फोटो बघून परत उभे केले. रंगीत काचा दुरुस्त केल्या. आणि त्यात परत आजच्या गोष्टी लपवायच्या, एसीचे डक्ट, वायरिंग, आग विझवायची यंत्रणा, हे सगळं असलं पाहिजे पण दिसता कामा नये. तुझे सर डिझाईनबद्दल भरपूर शिकवतील, पण शंभर वर्षांच्या छतातून वायर कशी न्यायची हे कोणी शिकवत नाही, तेव्हा सुट्टीत एखाद्या अशा साइटवर उमेदवारी कर. २०१७ ला या कामाला युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं पारितोषिक मिळालं.

आज पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या आहेत. मराठी नाटकवाल्यांना ही संख्या विचारा, लगेच तोंड वाकडं करतील, कारण एवढ्या खुर्च्यांत तिकीट परवडेल असं ठेवून प्रयोगाचा खर्च निघत नाही. म्हणून गिरगावातला मराठी प्रेक्षक आजही केळेवाडीत साहित्य संघाच्या नाट्यगृहालाच जातो, १९६४ पासून जातोय, आणि मलाही तिथला बटाटेवडा जास्त जवळचा आहे हे मान्य करतो.

प्रश्न : पिला हाऊस आणि ऑपेरा हाऊस एकच का? आमच्या घरात यावरून वाद आहे. (ठाणे)

नाही, वाद मिटवा. पिला हाऊस ग्रँट रोडच्या पलीकडे, फॉकलंड रोडला. पिवळ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, 'प्ले हाऊस'चं लोकांच्या तोंडी झालेलं रूप आहे. त्या भागात ऑपेरा हाऊसच्याही आधीपासून थिएटरांची रांग होती. ग्रँट रोड थिएटर तर १८४६ चं, नाना शंकरशेट यांच्या खटपटीतून झालेलं, आणि १८५३ ला विष्णुदास भावे सांगलीहून येऊन तिथे खेळ करून गेले. तेव्हा वयाने पिला हाऊस मोठं, रुबाबाने ऑपेरा हाऊस.

प्रश्न : पण मग खरा ऑपेरा झाला की नाही कधी? (आणखी चार वाचक, वेगवेगळी गावं)

झाला झाला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये थिएटर परत उघडलं तेव्हा मामी या फिल्म फेस्टिव्हलच्या निमित्ताने, म्हणजे परत सिनेमाच. पण त्याच सुमारास पॅट्रिशिया रोझारियो तिथे गायल्या, मूळच्या मुंबईच्या आणि लंडनमध्ये नाव काढलेल्या सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिका, आणि २०१७ ला चक्क एक अख्खा इटालियन ऑपेरा लागला. विषय काय तर चोरून केलेलं लग्न आणि मुलीच्या बापाला ते कसं सांगायचं. गिरगावातल्या कुठल्याही चाळीत चालला असता.

डोंबिवलीच्या वाचकांनी चर्नी रोडला पूर्वेला उतरून पुढच्या कार्यक्रमाचा बोर्ड बघावा आणि वरच्या गॅलरीचं तिकीट काढावं. चकली मात्र बाहेरच खाऊन जा.